मल्लक्काचं दुकान सध्या कुठे आहे

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने आणि पूर्ण जबाबदारीने कळवण्यात येते की, प्राणहिता नदीच्या काठावरील मल्लक्काचे किराणा, चहा व इतर सर्वोपयोगी वस्तूंचे दुकान काल जिथे होते तिथे आज नाही. ते उद्या कुठे असेल याबद्दल कोणीही तर्क करू नयेत. दोन्ही काठांच्या राज्य शासनांनी, सर्व विरोधी पक्षांनी आणि ज्यांना आत्ता चहाची तलफ आली आहे अशा तमाम नागरिकांनी याची नोंद घ्यावी.

अशी जाहिरात खरं तर दर पंधरवड्याला सिरोंच्याच्या बसस्टँडवर लावायला हवी होती. कोणी लावली नाही, म्हणून मी पहिल्याच फेरीत फसलो. मी तेव्हा एका बिस्किट कंपनीचा माल घेऊन चंद्रपूरहून या भागात फिरत असे. आल्लापल्लीच्या जंगलातून येणारी आमची बस इतकी मन लावून आदळायची की सिरोंच्याला पोचेपर्यंत पुड्यातली बिस्किटं पुड्यातच पीठ होऊन बसलेली असत. तिथून पुढे ज्या घाटावर जायचं त्या गावाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर तिथले लोक म्हणतील आमची बदनामी केली, नाही सांगितलं तर म्हणतील आमचं नाव गाळलं. मी दुसऱ्या शिव्या पत्करतो.

मला सांगण्यात आलं होतं, चिंचेखाली दुकान आहे. चिंच होती. चिंचेखाली जमिनीत चार खड्डे होते, राखेचा एक ढीग होता आणि ढिगावर एक कुत्रं झोपलं होतं. शेजारी एक म्हातारबुवा तोंडात खर्रा धरून बसले होते. दुकान कुठं गेलं, असं विचारल्यावर त्यांनी तोंड न उघडता हनुवटी नदीकडे केली. मला वाटलं वाहून गेलं. मी दुःख व्यक्त करण्याच्या तयारीत असताना त्यांना माझी दया आली, त्यांनी बाजूला थुंकून वाट करून दिली आणि म्हणाले, "पाणी उतरलं न बाप्पा. मंग दुकान वरतं राहून काय करन?"

दुकान खाली पाण्याच्या कडेला होतं. चार बांबू, वर निळी ताडपत्री, मध्ये एक चूल, दोन लाकडी फळ्या, आणि या सगळ्यातून गरागरा फिरणारी एक काळीसावळी, सडपातळ बाई. साडीचा पदर कमरेला, हातात चहाची गाळणी. तिने माझ्याकडे पाहिलं, खोक्याकडे पाहिलं, खोकं उघडलं, एक पुडा फोडला, आतलं पीठ तळहातावर घेतलं आणि तक्रार न करता म्हणाली, "बेस हाये. बुडवाची मेहनत वाचली." आणि त्या क्षणापासून माझं नाव बिस्कुटभाऊ पडलं.

मल्लक्का मूळची पलीकडची, तेलंगणातली. लग्न करून नावेत बसून अलीकडे आली. नवरा घाटावर नाव चालवायचा. तो वारल्यावर नाव धाकट्या दिराकडे, लटारीभाऊकडे आली आणि दुकान हिच्याकडे राहिलं. अक्का म्हणजे तिकडच्या बोलीत थोरली बहीण. पण घाटावर तिच्याहून वयाने मोठे असलेले, काठी टेकत चालणारे लोकसुद्धा तिला अक्काच म्हणत, कारण दुसरं काही म्हणेपर्यंत ती समोर राहत नसे.

तिचा धंद्याचा नियम एकच होता. नावेतून उतरणाऱ्याचा पाय थेट दुकानात पडला पाहिजे. गिऱ्हाईक चार पावलं चाललं की त्याला विचार सुचतो, आणि विचार सुचला की तो काही विकत घेत नाही, असं तिचं मत. आता नदी ही काही एका जागी थांबणारी वस्तू नाही. पावसाळ्यात ती चिंचेपर्यंत चढते, दिवाळीनंतर उतरायला लागते, आणि होळी झाली की मधोमध मोठाच्या मोठा वाळूचा पट्टा उघडा पडतो. त्या पट्ट्याच्या आपल्या बाजूला खोल पाणी, तिथं नाव लागते. पलीकडच्या बाजूला नुसती घोट्याएवढी धार, तिथून तेलंगणातले लोक चपला हातात घेऊन चालत येतात. पूल आहे, पण तो इतका लांब की पुलावरून जाणाऱ्याला घाटावरचे लोक परगावी गेला असं समजतात. तर पाणी जसजसं हलायचं तसतसं दुकान हलायचं. उन्हाळ्यात ती ते नावेत घालून थेट वाळूवर न्यायची, खोल पाण्याच्या अगदी ओठाशी.

हलवण्याची रीतही पाहण्यासारखी होती. अक्का एकदम ओरडायची, "उचला." बस. त्या वेळी दुकानात जो कोणी असेल तो उठून बांबूला हात घालायचा. चौघे चार बांबूंना, एक जण ताडपत्रीच्या टोकाला, बायका फळ्यांना. ताडपत्री वर तशीच ताणलेली, चूल मात्र विझवून तीन दगड टोपल्यात. कोणी विचारायचं नाही की कुठे. पाण्यापासून लांब किंवा पाण्याकडे, एवढ्या दोनच दिशा होत्या. एकदा कसल्याशा तपासणीला आलेले साहेब, कशाची तपासणी ते विसरून, साखरेचा डबा डोक्यावर घेऊन चालताना मी पाहिले आहेत. त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते कचेरीत कधी दिसलं नसावं.

ती बसत नसे. चहा देताना ती एका पायावर असायची, दुसरा पाय पुढच्या गिऱ्हाइकाकडे निघालेला. तुम्ही कप तोंडाला लावलात की ती कप घ्यायला हात पुढे करून उभी. तिच्याशी बोलायचं तर मागे मागे फिरावं लागे. तिकडून आलेल्याशी तेलुगू, इकडच्याशी आपली मराठी, आणि शिव्या मात्र हिंदीत. याचं कारण मी विचारलं होतं. मिरची तोडायचा हंगाम संपला की आपल्याकडची माणसं तिकडून परततात, मजुरीत मिळालेली मिरचीची पोती घेऊन. एकदा दोन गावांच्या टोळ्या एकाच वेळी वाळूवर येऊन थडकल्या, नाव एक, आणि पहिलं कोण बसणार यावरून जुंपली. वारा सुटलेला, पोती उघडी, भांडणारे आणि सोडवणारे सगळेच शिंकताहेत. अक्काने दोन्ही टोळ्यांना अशा काही हिंदीत झाडलं की शिंकाही थांबल्या. मग मला म्हणाली, तेलुगूत शिवी दिली तर इकडचे म्हणतील मल्लक्का तिकडची, मराठीत दिली तर तिकडचे म्हणतील हिला आपला विसर पडला. हिंदीत कोणाला राग येत नाही, सगळ्यांना सिनेमा वाटतो.

कंपनीने एकदा चांगल्या विक्रीबद्दल तिला पत्र्याची पाटी देऊ केली. दुकानाचं नाव आणि पत्ता कळवा, असं मला सांगण्यात आलं. मी तिला पत्ता विचारला. ती चूल फुंकत होती. "पाण्याजवळ, म्हणून लिव," म्हणाली. मी तसंच कळवलं. नागपूरच्या ऑफिसातून फोन आला की हा पत्ता अपुरा आहे. मी त्यांना म्हटलं, साहेब, अपुरा नाही, यापेक्षा एक शब्द जास्त लिहिला तर तो खोटा ठरेल. शेवटी पाटी आली ती पत्त्याशिवाय, एका बाजूला मराठी आणि तिच्या आग्रहावरून दुसऱ्या बाजूला तेलुगू.

या धावत्या घरात एकच माणूस स्वस्थ बसणारं होतं, ते म्हणजे तिची मुलगी रेणुका. सिरोंच्याला बारावीपर्यंत शिकलेली, साखरेच्या पोत्यावर बसून मोबाइलचे रिचार्ज करून द्यायची. पलीकडच्या काठावरचा श्रीकांत नावाचा मुलगा रिचार्जला यायचा. धार ओलांडून, तापलेली वाळू तुडवून यायचा. त्याचा रिचार्ज फारच लवकर संपू लागला, तेव्हा अक्काच्या लक्षात आलं. तिने मुलीला काही विचारलं नाही. त्या मुलाला विचारलं, मिरचीची शेती किती, घरी कोण कोण, आणि तू स्वतः चालत येतोस की कोणी पाठवतं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिला आवडलं.

दोन्ही घरं राजी झाली आणि मग सगळं अडलं. आपल्याकडच्या घराची रीत, लग्न मुलीच्या दारी. त्या घराची रीत, लग्न मुलाच्या दारी. लटारीभाऊ म्हणाला, भाऊ नाही माझा, म्हणून काय पोरगी पलीकडे नेऊन उजवायची का? आमच्या दारी बाशिंग बांधून या. तिकडे श्रीकांतचा बाप समय्या, पांढऱ्या मिशांचा, कमी बोलणारा मनुष्य. तो एवढंच म्हणाला की आमच्या घरात आजवर सून मांडवातून आत आली आहे, नावेतून नाही. महिना गेला, दुसरा गेला. रेणुका पोत्यावर बसून होती, पण आता रिचार्ज चुकीच्या नंबरावर जाऊ लागले. अक्का एका दिवसात दोन्ही काठांवर दोनदा जायची. एरवी तिची धावपळ पाहून मजा वाटायची, त्या दिवसांत पाहवत नसे. पाण्यात पाय टाकायची, काही आठवून परत फिरायची, पुन्हा निघायची.

मग तिनेच तोड काढली. लग्न ना ह्यांच्या दारी ना त्यांच्या, लग्न वाळूवर, दुकानाशेजारी. समय्या पुष्कळ वेळ मिशीवरून हात फिरवत राहिला आणि हो म्हणाला. लटारीभाऊही हो म्हणाला, पण चारचौघांत अट घालून, की मांडव तसूभर जरी त्यांच्या काठाला लागला, तर मी पोरीचा हात धरून तिला नावेत बसवीन आणि घरी आणीन. गळ्यात मंगळसूत्र पडेपर्यंत पोरगी आमची आहे. समय्यानेही सांगून टाकलं की त्याच हिशेबाने मुलगा आमचा आहे.

वैशाखातलं लग्न. मला आमंत्रण होतं आणि पाच खोकी बिस्किटांची ऑर्डरही होती. तेच मला मल्लक्काचं शेवटचं दर्शन, कारण पुढच्या महिन्यात कंपनीने माझा भाग बदलला.

मांडव पाहिला आणि मी कपाळावर हात मारला. दुकानासारखाच, फक्त मोठा, ताडपत्रीला आंब्याची पानं बांधलेली, आणि अगदी पाण्याच्या ओठाशी. पट्टा एवढा रुंद पसरलेला असताना, मधली उंच कोरडी वाळू सोडून, हिने मांडव घातला होता पाण्याला चिकटून. लटारीभाऊनेसुद्धा सांगून पाहिलं होतं की वर सरकव. ती म्हणाली होती, वऱ्हाड नावेतून उतरलं की मांडवातच आलं पाहिजे, लोकायले चालवाचं काऊन? इतक्या वर्षांचा धंदा अंगात मुरलेला, लेकीच्या लग्नातही तो बाहेर येणारच.

आभाळ कोरं होतं. पण नदीच्या वरच्या अंगाला, लांब कुठेतरी, अवकाळी पाऊस पडला असणार. पंतुलु, म्हणजे लग्न लावणारे त्यांच्याकडचे गुरुजी, पाण्याच्या बाजूला बसले होते. ते मंत्र म्हणता म्हणता जरा सरकले. थोड्या वेळाने पुन्हा सरकले. कन्यादान झालं होतं, वधूवरांमध्ये अंतरपाट धरला होता. तिकडच्या रीतीप्रमाणे मुहूर्ताला वधूवरांनी जिरं आणि गूळ वाटून केलेला गोळा एकमेकांच्या डोक्यावर ठेवायचा आणि हात तसाच दाबून धरायचा. रेणुका आणि श्रीकांतने तो ठेवला, आणि त्याच वेळी पंतुलूंच्या आसनाखालून पाणी आलं. ते मंत्रातच थांबले आणि त्यांनी आपल्या ओल्या धोतराकडे अतिशय व्यक्तिगत अपमान झाल्यासारखं पाहिलं.

अक्का मागे होती. विधवा आईने विधीच्या वेळी पुढे येऊ नये असं कुजबुजणाऱ्या दोन म्हाताऱ्या होत्या, पण त्यांची कुजबुज पूर्ण होईपर्यंत ती मांडवाच्या मध्ये उभी होती.

"उचला," ती म्हणाली.

घाटावरची माणसं ती. कोणी कुठे म्हणून विचारलं नाही. चार खांबांना चार जण लागले, टोकांना बाकीचे लागले आणि मांडव उठला. पुढच्या एका खांबाला सवयीने खुद्द लटारीभाऊ. पाण्यापासून लांब, म्हणजे मावळतीकडे, अख्खं लग्न चालायला लागलं. मधोमध वधूवर, एकमेकांच्या डोक्यावर हात दाबून, खेकड्यासारखे तिरके चालताहेत. दोघांच्या मध्ये अंतरपाट धरलेले दोघे तसेच तिरके. बाजूने पंतुलु पोथी उराशी धरून. मांडवाच्या मागे वाजंत्री, त्यांना कोणी थांबा म्हटलं नव्हतं म्हणून ते वाजवतच होते.

मधल्या उंच वाळूवर थांबता येईल असं वाटलं होतं. पण पाणी दोन्ही बाजूंनी चढत होतं, मागे खोल पाणी, पुढे धार फुगलेली, आणि वाळूचा पट्टा आमच्या डोळ्यांदेखत आक्रसत चाललेला. तेवढ्यात लटारीभाऊला आपण कुठे चाललो आहोत ते कळलं. तो खांबासकट थांबला.

"वहिनी, हे तं त्यायच्याच दारी चाललं," तो म्हणाला.

समय्याच्या मिशा हसल्या असा मला संशय आहे. लटारीभाऊने मागे वळून नावेकडे पाहिलं. एक हात खांबावरून निघाला. रेणुकाने ते पाहिलं, आणि तिचा हात श्रीकांतच्या डोक्यावर इतका घट्ट दाबला गेला की गूळ त्याच्या कपाळावरून ओघळला.

अक्का दिराच्या समोर जाऊन उभी राहिली. "काठाले लागाच्या आधी लगीन लागलं तं?" तिने विचारलं. "मंग कोणाच्या दारी झालं, सांग मले."

लटारीभाऊने विचार केला. त्याला विचार करायला वेळ लागतो, आणि पाण्याला लागत नाही. मागचे खांबवाले घोट्यापर्यंत बुडाले होते. शेवटी तो म्हणाला, "कोणाच्याच नाई." आणि हात पुन्हा खांबाला लागला.

आणि मग सुरू झाली ती शर्यत मी जन्मात विसरणार नाही, कारण तीत पुढचे लोक हळू धावत होते. लटारीभाऊ एक पाऊल टाकायचा आणि जणू वाळूत नाणं हरवलं असावं तसा थांबायचा. मागे दोन्ही खांब श्रीकांतच्या चुलतभावांकडे, ते गुडघाभर पाण्यात, ते ढकलायचे. मांडव पुढून आखडायचा आणि मागून फुगायचा. अक्का पुढे जाऊन दिराला म्हणायची हळू, मागे जाऊन त्यांना तेलुगूत तेच सांगायची, आणि मध्ये येऊन पंतुलूंना म्हणायची, लवकर. पंतुलु मंत्र म्हणत होते की आगगाडी चालवत होते ते कळेना. एका ठिकाणी त्यांनी श्वास घेतला तर अक्काने त्यांना हिंदीत झाडलं.

समय्या मांडवाच्या बाजूने चालत होता. त्याला सगळं कळत होतं. त्याने आपल्या पुतण्यांना नुसतं जोरात ढकला म्हटलं असतं तरी मांडव त्याच्या काठाला लागला असता. मी त्याच्याकडेच पाहत होतो. धार आली, पाणी आता पोटरीपर्यंत, काठ अगदी समोर, काठावर त्यांच्या गावच्या बायका आरत्या घेऊन उभ्या. समय्या धोतर खोचून पाण्यात उतरला, पुढे गेला, लटारीभाऊच्या शेजारी उभा राहिला आणि त्याने त्याच खांबाला आपला हात लावला. पुढे ओढायला नव्हे, धरून ठेवायला. दोघेही एकमेकांकडे न पाहता, पाय रोवून, तो मांडव धारेत अडवून उभे राहिले.

अंतरपाट निघाला. पंतुलूंनी खूण केली. श्रीकांतने एका हाताने मंगळसूत्र बांधायचा प्रयत्न केला, कारण दुसरा हात डोक्यावरून काढायचा की नाही हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितल्यावर त्याने दोन्ही हातांनी गाठ मारली. अक्षता पडल्या त्या पाण्यावर पडल्या आणि खाली वाहत गेल्या.

मग एकच आरडाओरडा, हसणं, आणि सगळं वऱ्हाड धडपडत काठावर चढलं. आरत्या, नारळ, म्हाताऱ्यांना वर ओढणं. लटारीभाऊसुद्धा चढला, समय्याने त्याला हात दिला म्हणून. वर गेल्यावर त्याने मागे पाहिलं आणि ओरडला, "वहिनी, दुकान."

तिकडे लांब, नाव लागायच्या जागी, निळी ताडपत्री एका कुशीवर कलली होती. फळ्या तरंगत होत्या. माझी पाच खोकी बिस्किटंही तिथंच होती. सगळ्यांनी मांडव उचलला होता, दुकान उचला असं कोणी म्हटलं नव्हतं.

अक्का अजून धारेतच उभी होती. तिने दुकानाकडे नुसती मान वळवली आणि पुन्हा काठाकडे पाहिलं. काठावर रेणुका आरतीच्या बायकांच्या घोळक्यात होती, गळ्यात नवं मंगळसूत्र, केसांत गूळ, आणि ती एकदा हा पाय उचलत होती, एकदा तो. मांडवाची सावली वरून चालत आली होती, पण खालची वाळू दिवसभराच्या वैशाखाने भाजलेली होती, आणि त्या गडबडीत नवरीच्या पायात काही नाही हे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. अक्काच्या लक्षात ते आत्ता आलं. दोन्ही गावं, पंतुलु, समय्या, वाजंत्री, सगळ्यांच्या देखत, पोटरीभर पाण्यातून ती मोठ्याने बोलून गेली, "अवो माय, तुहे पाय भाजले असन नं वो!"